बघायला आलेल्यांची गाणी

चोपड्याचा मुलगा मला बघायला आला, तेव्हा त्याच्यापेक्षा त्याचे मामाच जास्त बघत होते. मुलगा पोह्यांतले शेंगदाणे ताटलीच्या कडेला रचत बसला होता. मामांनी माझं शिक्षण विचारलं, नोकरी विचारली. मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत आहे म्हटल्यावर, "म्हणजे रोज मातीत हात घालावे लागतात का?" हेही विचारलं. मग छंदावर आले.

"गिटार वाजवते," मी म्हटलं.

"दाखवा वाजवून."

मी आतून गिटार आणली. बारा तारांची आहे. सगळ्या तारा एकदम छेडल्या की बांगड्यांनी भरलेला हात झटकल्यासारखा आवाज येतो. मी चांगलं मिनिटभर वाजवलं. मामांनी डोळे मिटून ऐकलं आणि आईला म्हणाले, "सतार छान वाजवते तुमची मुलगी." मग उठले, दारात जोडे घातले आणि माझ्या वडिलांचा, आबांचा, हात हातात घेऊन म्हणाले, "घरी जाऊन कळवतो."

काहीच कळवलं नाही. 'कळवतो' म्हणजे नकार, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं, तरी घरातले आठवडाभर फोन वाजला की एकमेकांकडे बघतात. मला त्या आठवड्यात एवढा राग आला की मी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांच्या शेजारी बसून गाणं लिहिलं.

चहा झाला, पोहे झाले,
मामा उठले, जोडे घातले,
जाता जाता काय म्हणाले?
कळवतो, कळवतो, कळवतो.

चाल मात्र आनंदाची लागली. मला तशीच गाणी आवडतात. पुण्याला शिकत असताना होस्टेलमधल्या एका मुलीमुळे त्यांची सवय लागली होती. दोन-अडीच मिनिटांत संपणारी, झणझणीत गिटारची, मागे दोघंतिघं गळा काढून 'आ-हा' करणारी. मुलगा म्हणत असतो की तिनं मला सोडलं, आणि गिटारी अशा वाजत असतात की ऐकणाऱ्याला वाटावं, बरं झालं. जळगावात परत आल्यावर असं काही वाजवणारं माणूस मला भेटेल अशी आशा नव्हती. दोन भेटले.

एक माझी कॉलेजातली मैत्रीण. ती लग्न होऊन धुळ्याला गेली होती आणि नवऱ्याच्या मोबाइलच्या दुकानात बसायची. शेजारच्या गाळ्यातला ऑर्केस्ट्रा बंद पडला, तेव्हा त्यांची बेस गिटार तिनं ठेवून घेतली होती. दुसरा पारोळ्याचा, लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारा. पारोळा जळगाव आणि धुळ्याच्या मध्ये पडतं, म्हणून आम्ही त्याच्याच घरी जमायचो. मोठमोठे ढोल आणि जरीचे लाल कोट टांगलेल्या खोलीत. लग्नसराईत तो महिनोन्‌महिने दिसायचा नाही.

पहिलं गाणं वाजवून झाल्यावर तो काड्या हातात धरून तसाच थांबला.

"सरनं?" त्यानं विचारलं.

"संपलं," मी म्हटलं.

"ताई, इतला येळमा त नवरदेव घोडावर बी बसत नही."

तरी त्याला आवडलं असावं. दुसऱ्या वेळी त्यानं कडव्याच्या शेवटी वरातीतला एक तुकडा घातला आणि गाणं एकदम उभं राहिलं. तो तुकडा मग सगळ्या गाण्यांत आला.

गिटारचीही एक गंमत झाली. तिच्यातलं आवाज पकडणारं वेटोळं जळालं. नवं मिळायला पुण्या-मुंबईपर्यंत जावं लागलं असतं. आबांचं जळगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या पंपांची जळालेली वेटोळी नव्या तारेनं भरतात. त्यांनी वेटोळं उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, "मोटारच आहे की. फिरत नाही एवढंच." त्यांच्याकडची सगळ्यात बारीक तांब्याची तार त्यांनी त्यावर गुंडाळली. आवाज पूर्वीपेक्षा पातळ आणि चकचकीत आला, जरा कानात टोचणाराही. मैत्रीण म्हणाली, "हा राहू दे. असा कोणाकडेच नाही."

दरम्यान मला बघायला मुलं येतच होती. त्यांना आणण्याचं काम अक्काकडे होतं. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. खान्देशातल्या कुठल्या घरात कोणता मुलगा कितवी शिकला आणि त्याच्या नावावर केळीचे खांब किती, हे तिला तोंडपाठ. ती आली की आई आधी पोहे भिजवायची आणि मग विचारायची, "या वेळी कुठला?"

पूर्वी मी अशा दिवशी प्रयोगशाळेत मुद्दाम थांबायचे. चोपड्याचं गाणं झाल्यावर मात्र वेळेआधी घरी येऊन साडी नेसून बसायला लागले. पाहुण्यांकडे नीट लक्ष द्यायचे, त्यांची वाक्यं मनात घोळवायचे. एका मुलानं सगळा वेळ आमच्या इन्व्हर्टरची चौकशी केली. एकाच्या वडिलांनी मला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावलं, आणि मी नेमकी निधनवार्ता निवडली. पारोळ्याहून बघायला आलेल्या मुलाकडचे माझी उंची बघून चपापले. मला घरातली चप्पल काढायला लावून मुलाशेजारी उभं केलं. चप्पल काढल्यावरही मी उंचच राहिले. त्यावरचं गाणं मी ते लोक गाडीत बसायच्या आत स्वयंपाकघरात गुणगुणायला लागले होते. 'मुलगा म्हणाला, चप्पल काढा, ताई, चप्पल काढा.' आमच्या सगळ्या गाण्यांत तेच सगळ्यात उड्या मारणारं.

आई खूश होती. "पोरगी आता मनापासून तयार झाली," ती अक्काला सांगायची. एकदा मी तिला सहज विचारलं, "अक्काकडे अजून दोन-तीन असतील का गं? म्हणजे अल्बम पुरा होईल." तिला अल्बम म्हणजे लग्नाचा वाटला. तिनं त्याच संध्याकाळी अक्काला फोन केला.

आता फक्त एक संथ गाणं हवं होतं. मैत्रीण म्हणायची, "सगळीच उड्या मारणारी असली की ऐकणाऱ्याला धाप लागते. एखादा शांत मुलगा बघ."

तो भडगावचा निघाला. त्याच्या घरच्यांनी काहीच विचारलं नाही, आणि आम्हाला दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. तो कठड्यापाशी उभा राहिला. खाली गल्लीत कोणीतरी पाण्याचा टँकर मागे घेत होतं.

"तुम्हाला खरंच लग्न करायचंय का?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "तुम्हाला?"

"मलाही नाही माहीत."

मग आम्ही बराच वेळ टँकर बघितला. शेवटी नकार कोणी द्यायचा यावर बोलणं झालं. मी म्हटलं मी देते. तो म्हणाला, मुलीकडून नकार गेला की आमच्याकडचे तुमच्या अक्कांना छळतील, मीच देतो. जिन्यावरून उतरताना त्यानं माझ्यासाठी दिव्याचं बटण शोधलं. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. इतक्या वर्षांत खरंच कळवणारा तो एकटाच. ठरल्याप्रमाणे सगळं झालं होतं, तरी मी त्या दिवशी प्रयोगशाळेत एकाच मातीचा सामू, म्हणजे पीएच, पुन्हा पुन्हा तपासत बसले. संथ गाणं त्यातून आलं. त्यात 'कळवतो' हा शब्द नाही.

रेकॉर्डिंग धुळ्याला केलं. तिथे अहिराणी गाण्यांचे स्टुडिओ आहेत. लग्नात डीजेवर वाजतात ती बरीच गाणी अशाच एखाद्या खोलीतून निघतात. आमच्या स्टुडिओवाल्या भाऊंच्या भिंतीला लागूनच ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. त्यांचं ग्राइंडर थांबलं की आम्ही वाजवायचो. दुपारी गॅरेजवाले जेवायला बसले की भाऊ भिंतीला कान लावायचे आणि बोट वर करायचे, मग आमची धावपळ. गाणी छोटी असल्याचा तिथे फार उपयोग झाला. एका गाण्याच्या शेवटी ग्राइंडर सुरू झालेलं ऐकू येतं. तो आवाज नेमका सुरात लागला, म्हणून ठेवला.

पहिलं गाणं ऐकून भाऊंनी हेडफोन एका कानावरून मागे सरकवला.

"ताई, यामा नाच कोठे शे?"

"नाच नाही भाऊ. याच्यावर मान हलवायची."

"नुसती मान? मान त बैल बी हालवस."

त्यांनी खूप आग्रह केला की मध्ये बेंजो घालू, निदान एका ठिकाणी धम्म करून डीजेचा ठोका देऊ. आम्ही नाही म्हणत राहिलो. शेवटी 'आ-हा' करायला तिसरा आवाज कमी पडला, तेव्हा तेच हेडफोन काढून आमच्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज इतका गोड असेल हे त्यांच्याकडे बघून वाटत नाही. त्या दिवसानंतर त्यांनी बेंजोचं नाव काढलं नाही.

अल्बमचं नाव 'कळवतो' ठेवलं. गाण्यांना तालुक्यांची नावं दिली: चोपडा, पारोळा, भडगाव, अमळनेर. एकेका तालुक्यात लग्नाची मुलं शेकड्यांनी असतील, त्यात नेमका कोण हे कोणाला कळणार, असा माझा हिशोब होता. इंटरनेटवर टाकल्यावर पहिले काही दिवस आम्ही तिघं, भाऊ आणि मैत्रिणीचा नवरा एवढेच ऐकत होतो. मग कोणीतरी पारोळ्याचं गाणं फोनवरच्या एका नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं.

त्यानंतर जे झालं ते मी कल्पनेतही आणलं नव्हतं. लोक ओळखायला लागले, आणि चुकीचे ओळखायला लागले. मी आयुष्यात न पाहिलेले पुरुष सांगायला लागले की ते गाणं आपल्यावरच आहे. अमळनेरचे दोघे जण एका लग्नात त्यावरून भांडले. खऱ्या अमळनेरवाल्यानं अक्काला निरोप पाठवला की बाकीच्यांच्या गाण्यात दोन-दोन कडवी आहेत, माझ्यात एकच का.

अक्का आमच्याकडे येऊन बसली. पोहे नको म्हणाली, तेव्हा आई घाबरली.

"आता कोण पाठवणार मुलगा?" अक्का म्हणाली. "सगळे विचारतात, गाणं तर नाही ना करणार पोरगी."

"मग काय सांगतेस?" मी विचारलं.

"सांगते, चांगला वागला तर चांगलं करेल." मग तिनंच विचारलं, "माझ्यावर नाही केलंस एकही?"

भडगावहून एक ओळीचा निरोप आला. 'गाणं ऐकलं. टँकर घेतला नाहीत त्यात, बरं केलंत.' मी तो निरोप किती वेळा वाचला हे सांगणार नाही.

आणि मग एका सकाळी, मी मातीचे नमुने चाळत असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे एक बाई होती.

"चप्पल काढा गाणं तुमनंच शे ना?"

मी हो म्हटलं आणि पुढचं ऐकायला फोन जरा कानापासून लांब धरला.

"मी त्यानी बायको बोलस. पारोळाथून. ताई, तुमनं गाणं अर्धंच शे."

ती सांगायला लागली. तीसुद्धा नवऱ्यापेक्षा उंच आहे, माझ्याहूनही थोडी जास्तच. लग्नाच्या फोटोच्या वेळी तिला चप्पल काढायला लावली आणि नवरा पाटावर उभा राहिला. पाट दिसू नये म्हणून फोटोग्राफरनं समोर हारांची टोपली ठेवली. आता तो हे गाणं न्हाणीत जाऊन, नळ सोडून ऐकतो. बायकोला वाटतं, फार वेळ आंघोळ चाललीय, पण मधूनच 'आ-हा' ऐकू येतं. "हाई बठ्ठं घाला त्यामा," ती म्हणाली. म्हणजे हे सगळं, त्या अर्ध्या गाण्यात.

मला हसू आवरेना. तरी एक प्रश्न मनात राहिला होता, तो विचारला. उंच मुलगी त्यांना चालत होती, तर मग मला नकार का?

"नकार कोठे दिधा?" ती म्हणाली. "तुम्हीच कळवणार होतात. ते थांबले. चार महिने थांबले म्हणे. मंग माले बघाले आले."

संध्याकाळी मी अक्काला गाठलं. पारोळ्याचे लोक निघताना तू दारात काय म्हणाली होतीस, असं विचारलं. अक्कानं आठवायचा प्रयत्नही केला नाही.

"'आम्ही कळवतो' असं म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार?"

"आणि बाकीच्यांना?"

"सगळ्यांना तेच. लगेच हो म्हटलं की पोरीचा भाव उतरतो."

मी आईकडे बघितलं. आई छताकडे बघत होती. म्हणजे इतकी वर्षं इकडचे तिकडच्या फोनची वाट बघत होते आणि तिकडचे इकडच्या. आणि मी त्यावर अख्खा अल्बम करून मोकळी झाले होते. मी खोलीत जाऊन मैत्रिणीला फोन केला. ती इतकी हसली की तिच्या दुकानातलं गिऱ्हाईक मला फोनवर ऐकू येत होतं, "वहिनी, काय झालं?" विचारताना.

पारोळ्याच्या बाईनं आम्हाला मुलीच्या बारशाला वाजवायला बोलावलं. नवऱ्याला सांगितलं होतं की जळगावचा एक ऑर्केस्ट्रा आहे. मंगल कार्यालयात भर दुपारी आम्ही वायरी जोडत होतो, तेव्हा तो पेढ्यांचं ताट घेऊन आला, मला बघून थांबला आणि तसाच मागे फिरला. त्याचं बियाण्यांचं दुकान आहे. चेहरा शांत आणि जरा लाजरा. मी त्या दिवशी त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं असं मला वाटलं.

आम्ही आधी दुसरी गाणी वाजवली. बायका पाळण्याभोवती होत्या, पोरं स्पीकरसमोर. ड्रमवाला स्वतःच्या गावात असल्यामुळे लाल कोट घालून बसला होता. 'चप्पल काढा'ची पाळी आली, तेव्हा तो मुलगा पायरीशी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "ताई, एक सांगू? ते 'चप्पल काढा' मी नव्हतं म्हटलं."

"मग कोणी?"

"आमच्या आत्यानं. त्या काय, समोर बसल्यात."

पहिल्या रांगेत हिरव्या नऊवारीतल्या एक आजीबाई बसल्या होत्या. आमच्या प्रत्येक गाण्याला त्याच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होत्या.

माझ्या हातात फक्त चार ठोक्यांचा वेळ होता. गाणं सुरू झालं, ती ओळ आली, आणि मी 'मुलगा म्हणाला' ऐवजी 'आत्या म्हणाली' गायले. मैत्रिणीनं माझ्याकडे चमकून बघितलं. सगळं कार्यालय मात्र आत्याबाईंकडे वळलं. मुलगा खांबाआड गेला. ड्रमवाल्यानं वाजवायचं थांबवलं.

आत्याबाई सावकाश उठल्या. पदर सारखा केला.

"व्हय, म्हटलं व्हतं," त्या म्हणाल्या. "पोरगी उंच व्हती. आताबी शे." आणि ड्रमवाल्याकडे वळून म्हणाल्या, "तू काब्र थांबना? वाजाड."

मग जे गाणं झालं तसं आमच्याकडून पुन्हा कधी झालेलं नाही. अख्खं कार्यालय 'चप्पल काढा' म्हणत होतं, काही पोरांनी खरंच काढल्या, आणि नंतर त्या शोधताना गोंधळ झाला. खांबाआडून त्याचा आवाज येत होता. न्हाणीत सराव केल्यामुळे 'आ-हा' बरोबर लागत होतं. त्याची बायको पाळण्याची दोरी एका हातात धरून दुसऱ्या हातानं मला पाटाची खूण करत होती. तेही कडवं घाल म्हणून.

जेवणं झाल्यावर मैत्रीण धुळ्याला गेली, आणि बारशाला आलेल्या आई-आबांच्या गाडीतून आम्ही निघालो. आई आणि मी मागे, गिटार आमच्या मांडीवर आडवी, ड्रमवाला पुढे. त्याला एरंडोलला एका लग्नाच्या सुपारीचं बोलायला जायचं होतं. दुतर्फा कपाशी होती. मग आई एकदम म्हणाली, "हे मला बघायला आले होते ना, तेव्हा काय झालं माहीतेय?"

"राहू दे आता," आबा म्हणाले.

"घाबरले होते. समोर शेवेची ताटली होती, ती एकट्यानं संपवली. माझे काका प्रश्न विचारत होते आणि यांच्या तोंडात शेव. नुसती मान हलवायचे. काका आत येऊन म्हणाले, मुलगा फार मितभाषी आहे, आपल्या पोरीला सुखात ठेवेल." आईनं पदरानं डोळे पुसले, हसून. "लग्नानंतर तिसऱ्या दिवशी जे बोलायला लागले, ते अजून थांबले नाहीत."

आबा गाडी चालवत राहिले. "त्याच्यावर गाणं होत नाही," ते म्हणाले.

"का नाही होत?" आई म्हणाली.

ड्रमवाला मागे न बघता डॅशबोर्डवर दोन बोटांनी ताल धरायला लागला. आबांनी थोडा वेळ तो ऐकला आणि म्हणाले, "जरा हळू घे. शेव खाताना माणूस एवढ्या घाईत नसतो."